राज्याने पैसे वाढवले, मग आमच्या शाळेतला वर्ग का बंद झाला? मॅसॅच्युसेट्समधल्या नव्या पालकांसाठी शाळेचं बजेट वाचायची रीत

काही वर्षांपूर्वीची मार्चमधली रात्र. टाउन हॉलमध्ये स्कूल कमिटीची बजेटवरची सुनावणी चालू होती. मी घरून छापून नेलेली बातमी हातात घेऊन माइकपाशी गेले आणि ठणकावून विचारलं, "राज्याने यंदा शाळांची मदत एवढी वाढवली, मग तुम्ही चौथीचा एक वर्ग कमी का करताय?" मागून टाळ्यासुद्धा पडल्या. शाळाखात्याचा हिशोब बघणाऱ्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "मॅडम, वाढ राज्यात झाली. आपल्या गावाला त्यातले मुलामागे तीस डॉलरसुद्धा आलेले नाहीत." मी बातमीची घडी घालून ती पर्समध्ये ठेवली आणि जागेवर येऊन बसले.

त्यानंतर दोन हिवाळे मी राज्याची शाळांना मिळणारी मदत ज्या फॉर्म्युलाने ठरते तो समजून घेण्यात घालवले. मी हिशोबनीस नाही, पण आता गावाची आकडेमोड वाचता येते. "शाळा चांगल्या आहेत" एवढं ऐकून आपले बरेच लोक बॉस्टनच्या पश्चिमेकडच्या गावांत घर घेतात आणि पहिल्याच मार्चमध्ये गोंधळतात, म्हणून हे लिहिते आहे. सगळं मॅसॅच्युसेट्सपुरतं आहे. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात नियम वेगळे आहेत, तिथल्या भावाचा सल्ला इथे लावू नका.

आधी एवढे कागद जमवा

सगळे फुकट मिळतात आणि सगळे सार्वजनिक आहेत.

- राज्याच्या शिक्षणखात्याचा चॅप्टर ७० चा तक्ता. चॅप्टर ७० म्हणजे राज्याची शाळांसाठीची मुख्य मदत. या खात्याला सगळे "डेसी" म्हणतात. ऐकायला देसी वाटतं, पण ती आद्याक्षरं आहेत. खात्याच्या साइटवर एक्सेलची फाइल असते, तीत आपल्या जिल्ह्याचं नाव निवडलं की सगळा हिशोब समोर येतो. जिल्हा म्हणजे इथे शाळांचा जिल्हा. बहुतेक वेळा एक गाव म्हणजेच एक जिल्हा.
- गावाची चेरी शीट. राज्याकडून गावाला काय येणार आणि राज्य गावाकडून काय कापून घेणार, याचा हा कागद पूर्वी चेरीच्या रंगाचा असे, म्हणून हे नाव.
- सुपरिंटेंडेंटचं बजेट पुस्तक. जाडजूड असतं. पहिली वीस पानं आणि शेवटचे तक्ते पुरतात.
- फायनान्स कमिटीचा अहवाल, जो टाउन मीटिंगच्या आधी येतो. माझ्या मते गावात सर्वात सरळ भाषेत लिहिलेला कागद हाच.
- तुमचं स्वतःचं घरपट्टीचं बिल.

आकडे वाचताना एक सांभाळा. सगळे कागद मिलियनमध्ये असतात. एक कोटी म्हणजे दहा मिलियन, आणि पहिल्या वर्षी मी किमान तीनदा एक शून्य इकडचं तिकडे केलं. खाली मी कोटी-लाखातच लिहिते, पण डॉलर.

आणि वर्ष. इथलं आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून असतं आणि ते ज्या साली संपतं त्या सालाने ओळखलं जातं. म्हणजे एफवाय २६ जुलै २०२५ मध्येच सुरू झालं.

१. राज्याचा पैसा नेमका कुणाच्या हातात पडतो ते समजून घ्या

पहिला गैरसमज इथेच होतो. चॅप्टर ७० ची मदत "शाळांसाठी" म्हणून येते, पण ती शाळाखात्याच्या खात्यात जमा होत नाही. ती गावाच्या सर्वसाधारण तिजोरीत जाते. तिथून शाळेला किती द्यायचं ते टाउन मीटिंग ठरवते, शहर असेल तर सिटी कौन्सिल. टाउन मीटिंग म्हणजे आपली ग्रामसभाच समजा, फरक इतकाच की इथे ती खरंच भरते आणि रात्री अकरापर्यंत चालते. दोन-तीन गावांचा मिळून प्रादेशिक जिल्हा असेल, जसा ॲक्टन-बॉक्सबरोचा आहे, तर राज्याची मदत थेट जिल्ह्याला जाते आणि गावांना उरलेल्या खर्चाचा वाटा भरावा लागतो.

टाउन मीटिंगला शाळेच्या बजेटची एकूण रक्कम ठरवता येते, आतल्या ओळी नाहीत. "संगीताच्या शिक्षकाचे पैसे वाढवा आणि ऑफिसचे कमी करा" असं तिथे उभं राहून सांगण्यात अर्थ नाही. ते काम स्कूल कमिटीचं, आणि तिथे जायचं तर दोन-तीन महिने आधी.

२. फाउंडेशन बजेट म्हणजे काय ते पाहा

१९९३ च्या जूनमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मॅकडफी खटल्यात निकाल दिला की गाव गरीब असो वा श्रीमंत, प्रत्येक मुलाला शिक्षण देणं हे राज्याचं घटनात्मक कर्तव्य आहे. खटला ब्रॉकटनच्या एका विद्यार्थिनीच्या नावाने चालला होता. निकालानंतर अवघ्या काही दिवसांत शिक्षणसुधारणा कायदा आला आणि आजचा फॉर्म्युला त्यातून निघाला.

त्याचा पाया म्हणजे फाउंडेशन बजेट, अर्थात या गावातल्या मुलांना पुरेसं शिक्षण द्यायला राज्याच्या मते किती खर्च यावा. १ ऑक्टोबरची पटसंख्या घ्यायची, मुलांचे गट पाडायचे (बालवाडी, प्राथमिक, मिडल, हायस्कूल, व्होकेशनल), प्रत्येक गटाला शिक्षक, प्रशासन, पुस्तकं, देखभाल, विमा अशा अकरा शीर्षकांखालचे दर लावायचे आणि बेरीज करायची. इंग्रजी शिकणाऱ्या आणि कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांसाठी वर जादा रक्कम. त्यातही कमी उत्पन्नाची मुलं गावात जितकी जास्त, तितका मुलामागचा दर चढा, असे बारा टप्पे आहेत. ही शेवटची मोठी वाढ २०१९ च्या स्टुडंट ऑपॉर्च्युनिटी ॲक्टने आणली.

महाराष्ट्रात ज्यांच्या घरी कुणी शिक्षक आहेत त्यांना हे ओळखीचं वाटेल. तिकडे ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते आणि त्यावर शिक्षकांची पदं ठरतात, म्हणून सप्टेंबरात मुख्याध्यापकांची झोप उडते. इकडे ती एक दिवसाने उशिरा उडते.

या टप्प्यावर चार सापळे आहेत.

पहिला, उशीर. १ ऑक्टोबर २०२५ च्या पटावर एफवाय २७ ची मदत ठरते, म्हणजे जुलै २०२६ पासूनची. तुमचं मूल नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतातून येऊन दाखल झालं, तर ते पटावर २०२६ च्या ऑक्टोबरला दिसेल आणि त्याचा पैसा गावाला जुलै २०२७ पासून. वीस महिने त्याला गावच शिकवतं. भराभर वाढणाऱ्या गावांत वर्ग तुंबलेले दिसतात त्याचं एक कारण हे.

दुसरा, घरच्या भाषेचा फॉर्म. हा आपल्याच लोकांचा सापळा आहे, म्हणून जरा थांबते. शाळेत नाव घालताना घरी कुठली भाषा बोलता असं विचारतात. मंडळाच्या गणपतीत दरवर्षी कुणीतरी कानात सांगतं, "मराठी लिहू नकोस गं, लगेच परीक्षा घेतात आणि मुलाला वेगळ्या वर्गात बसवतात." मीही पहिल्या मुलाच्या वेळी "इंग्लिश" लिहिलं होतं. तो घरी "आई, मला पाणी हवंय" याखेरीज फारसं काही बोलत नसे, शाळेत तर तेही नाही. पहिल्या सहामाहीत बाईंना वाटलं, याला ऐकू कमी येतं की काय. खरं लिहिलं असतं तर चाचणी झाली असती, मदत मिळाली असती आणि त्याच्या नावावर गावाच्या फाउंडेशन बजेटमध्ये जादा रकमेची भर पडली असती. चाचणीनंतर भाषेचा वर्ग नको असेल तर पालकांना नाही म्हणता येतं. धाकटीच्या वेळी मी निमूटपणे "मराठी" लिहिलं.

तिसरा, उत्पन्नाचा फॉर्म. २०२३ पासून राज्यात शाळेतलं जेवण सगळ्यांना फुकट आहे, त्यामुळे उत्पन्नाचे कागद भरायची सवय सुटली. पण कमी उत्पन्नाची गणना अजूनही होते, मुख्यतः मासहेल्थ (राज्याचा सरकारी आरोग्यविमा) किंवा स्नॅपसारख्या (अन्नासाठीची सरकारी मदत) योजनांच्या नोंदींवरून. एका पगारावर घर चालत असेल आणि शाळेने असा फॉर्म पाठवला, तर लाजू नका, भरून द्या. वर्गात कुणाला कळत नाही.

चौथा सापळा सर्वात फसवा: विशेष शिक्षण. गावात खरोखर किती मुलांना त्याची गरज आहे हे फॉर्म्युला मोजतच नाही. तो एक ठरावीक टक्केवारी गृहीत धरतो. २०१९ च्या कायद्याने साध्या शाळांसाठी ती पूर्णवेळ मुलांच्या हिशोबात ४ टक्क्यांपर्यंत नेली, आणि बाहेरच्या विशेष शाळेत पाठवावी लागणारी मुलं १ टक्का धरली. तुमच्या गावात प्रत्यक्षात दुप्पट असोत की निम्मी, आकडा तोच. याचा फटका पुढे पाहू.

महागाईचंही असंच. दर दरवर्षी महागाईच्या निर्देशांकाने वाढतात, पण ४.५ टक्क्यांच्या वर नाही. एफवाय २४ साठी निर्देशांक ८ टक्क्यांवर गेला होता आणि फॉर्म्युलाने धरले साडेचारच. ती तूट पुढच्या वर्षी कुणी भरून देत नाही, ती पायातच राहते.

३. गावाचा वाटा कसा निघतो

फाउंडेशन बजेट ठरलं की प्रश्न येतो, यातलं गावाने किती द्यायचं? राज्यभराचा ढोबळ हिशोब असा की एकूण रकमेतले ५९ टक्के गावांनी आणि ४१ टक्के राज्याने. पण प्रत्येक गावाचा वाटा त्याच्या ऐपतीवर. ऐपत दोन गोष्टींवरून मोजतात: गावातल्या मालमत्तेची किंमत आणि रहिवाशांचं एकूण उत्पन्न. दोन्हींना निम्मं-निम्मं वजन.

आणि एक कमाल मर्यादा. गाव कितीही श्रीमंत असलं तरी त्याचा अपेक्षित वाटा फाउंडेशन बजेटच्या ८२.५ टक्क्यांवर जात नाही. म्हणजे वेस्टनसारख्या गावालाही १७.५ टक्के राज्याकडून यावेत असं धोरण आहे. दुसऱ्या टोकाला लॉरेन्स, तिथे फाउंडेशन बजेटचा बहुतांश भाग राज्यच भरतं.

लोक इथे चिडतात. "आम्ही एवढा आयकर भरतो आणि पैसा लॉरेन्सला?" हो. फॉर्म्युला त्यासाठीच आहे. मला हे पटतं, तुम्हाला नाही पटलं तरी सुनावणीत हा मुद्दा काढू नका. वेळ जातो, हाती काही लागत नाही आणि तिथे बसलेल्या स्कूल कमिटीच्या पाच जणांच्या हातात ते नाहीही.

४. तुमचं गाव कुठल्या गटात बसतं ते शोधा

एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. चॅप्टर ७० च्या तक्त्यात तळाशी यंदाची मदत कशी निघाली ते दिलेलं असतं. दोन शक्यता.

एक, गावाला "फाउंडेशन एड" मिळतं. म्हणजे गावाचा वाटा आणि गेल्या वर्षीची मदत मिळून यंदाचं फाउंडेशन बजेट भरत नाही, म्हणून राज्य फरक भरतं. अशा गावात पट वाढला, दर वाढले की मदत खरोखर वाढते. बातमीतला मोठा आकडा मुख्यतः अशा गावांचा.

दोन, गावाला "मिनिमम एड" मिळतं. म्हणजे हिशोबाने काहीच वाढ निघत नाही, पण कुणाचीही मदत गेल्या वर्षीपेक्षा कमी करायची नाही असा नियम आहे आणि वर मुलामागे थोडी ठरावीक रक्कम देतात. ही रक्कम दरवर्षी विधिमंडळ ठरवतं. बरीच वर्षं ती २०-३० डॉलरमध्ये घुटमळत होती. एफवाय २३ आणि २४ ला ६० झाली, एफवाय २५ ला १०४, एफवाय २६ ला १५०. आपली मंडळी राहतात त्यातली पुष्कळ गावं या दुसऱ्या गटात आहेत. त्या रात्री मला मिळालेलं उत्तर याच रकान्यातलं होतं.

एफवाय २६ मध्ये राज्याने चॅप्टर ७० वर ७.३ अब्ज डॉलरच्या वर रक्कम ठेवली. ती राज्यभरातल्या गावांत आणि शाळांच्या जिल्ह्यांत वाटली जाते. तुमच्या गावाने फक्त शेवटचा रकाना वाचायचा.

५. अडीच टक्क्यांच्या भिंतीपाशी या

फाउंडेशन बजेट हा किमान आकडा. गावाने राज्याची मदत आणि स्वतःचा सक्तीचा वाटा मिळून तेवढा खर्च करायलाच हवा, त्याला नेट स्कूल स्पेंडिंग म्हणतात. बहुतेक उपनगरी गावं त्याहून कितीतरी जास्त खर्च करतात, आणि ही वरची सगळी रक्कम गावाच्या खिशातून जाते. खिसा म्हणजे घरपट्टी.

घरपट्टीला १९८० पासून कुंपण आहे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मतदारांनी प्रपोझिशन अडीच मंजूर केलं. त्यानुसार गावाची एकूण घरपट्टीवसुली दरवर्षी २.५ टक्क्यांनीच वाढू शकते, अधिक त्या वर्षात नवीन झालेल्या बांधकामावरचा कर, ज्याला न्यू ग्रोथ म्हणतात. लक्षात घ्या, ही मर्यादा गावाच्या एकूण वसुलीला आहे, तुमच्या बिलाला नाही. तुमच्या घराची किंमत शेजाऱ्यांपेक्षा जास्त वाढली तर तुमचं बिल ८ टक्क्यांनीही वाढू शकतं आणि तरी गाव नियमातच असतं.

आता एक बनवलेलं गाव घेऊ. आकडे माझे, सोपे पडावेत म्हणून निवडलेले.

पट ५,०००. फाउंडेशन बजेट ६.७५ कोटी डॉलर. गाव श्रीमंतांच्या मर्यादेला टेकलेलं, म्हणून त्याचा वाटा ८२.५ टक्के, म्हणजे सुमारे ५.५७ कोटी. राज्याकडून १.१८ कोटी. प्रत्यक्ष शाळांचा खर्च, शिक्षकांच्या आरोग्यविम्यासकट, ९ कोटी. सव्वादोन कोटी गाव स्वखुशीने वर घालतं.

पुढच्या वर्षी तेच शिक्षक, त्याच इमारती, तीच मुलं ठेवायला खर्च वाढतो ५ टक्के: करारातली पगारवाढ, विम्याचे हप्ते, बसचं कंत्राट, विशेष शिक्षणाची फी. म्हणजे ४५ लाख डॉलर जादा हवेत.

राज्य देतं: ५,००० मुलं गुणिले १५० डॉलर, म्हणजे साडेसात लाख.

गावाची घरपट्टीवसुली १२ कोटी. अडीच टक्क्यांनी ३० लाख, न्यू ग्रोथचे ८ लाख, एकूण ३८ लाख. पण त्यातून पोलीस, अग्निशमन, रस्ते, वाचनालय, पेन्शन सगळ्यांची वाढ भागवायची. शाळांना ६० टक्के मिळाले तर सुमारे २२.८ लाख.

साडेसात आणि २२.८ मिळून ३०.३. हवे होते ४५. खड्डा १४.७ लाखांचा, आणि एका नव्या शिक्षकाचा पगार-विमा मिळून लाखभर धरला तर चौदा-पंधरा शिक्षक. कुणी चोरी केलेली नाही, कुणी उधळपट्टी केलेली नाही, पटही कमी झालेला नाही. तरी चौथीचा वर्ग बंद.

हे गणित एकदा स्वतःच्या गावाचे आकडे घालून करा. पाकिटाच्या मागच्या बाजूवर मावतं. माझं अजून फ्रिजवर चिकटवलेलं आहे.

६. खड्डा बुजवायचे मार्ग आणि त्यांतली मेख

ओव्हरराइड: अडीच टक्क्यांची मर्यादा कायमची वाढवून घ्यायची असेल तर गावाला मतपेटीकडे जावं लागतं. साधं बहुमत पुरतं. आपल्या पुष्कळ लोकांचं गाव असलेल्या श्रूजबरीने २०१४ आणि २०२१ मध्ये असा कौल दिला. एकदा मंजूर झालेली रक्कम पुढच्या वर्षीच्या पायात धरली जाते, म्हणून ज्येष्ठ नागरिकांचा विरोध असतो, आणि तो वेडगळ नसतो. ठरावीक पेन्शनवर दहा हजारांची घरपट्टी भरणाऱ्याला विचारा. वरच्या गावात १५ लाखांचा ओव्हरराइड म्हणजे एकूण वसुलीच्या सव्वा टक्का. तुमचं बिल ९,००० डॉलर असेल तर वर्षाला साधारण ११२. प्रचारात दोन्ही बाजू वेगवेगळे आकडे फेकतात, म्हणून हा भागाकार स्वतः करा.

फ्री कॅश: नावावर जाऊ नका. गेल्या वर्षी न खर्चलेली आणि अंदाजापेक्षा जास्त आलेली रक्कम, राज्याच्या महसूल खात्याने तपासून प्रमाणित केलेली. ती वापरून यंदाचा शिक्षक वाचवता येतो, पण पुढच्या वर्षी तोच खड्डा परत, आणि जास्त खोल. कोविडकाळातल्या केंद्रीय निधीचं हेच झालं. तो सप्टेंबर २०२४ मध्ये संपला आणि त्यावर नेमलेले समुपदेशक, सहायक शिक्षक एकाएकी गावाच्या बजेटवर आले.

सर्किट ब्रेकर: एखाद्या मुलाच्या विशेष शिक्षणाचा खर्च राज्याच्या सरासरी मुलामागच्या फाउंडेशन खर्चाच्या चौपटीवर गेला, तर वरच्या रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत राज्य परत देतं, तेही पुढच्या वर्षी. चौपटीच्या खालचा सगळा भार गावाचा. दोन नवी कुटुंबं ऑगस्टमध्ये राहायला आली आणि दोन्ही मुलांना बाहेरची निवासी शाळा लागली, तर पाच-सहा लाखांचा फरक एका महिन्यात पडतो. ही मदत त्या मुलांचा केंद्रीय कायद्याने दिलेला हक्क आहे. सुनावणीत "ती मुलं आमच्या मुलांचे पैसे खातात" असा सूर कुणी लावला की मला लाज वाटते, आणि आपले लोक तो लावताना ऐकला आहे. कमी पडतो तो चौथ्या सापळ्यातला गृहीत आकडा.

चार्टर शाळा (सरकारी पैशाने पण गावाच्या शाळाखात्याबाहेर चालणाऱ्या) आणि स्कूल चॉइस (दुसऱ्या गावाच्या सरकारी शाळेत जाण्याची सोय): गावातलं मूल तिकडे गेलं की त्याची फी चेरी शीटवर वजा होते. आपल्या गावात किती, ते तिथे बघून घ्या.

इमारत: "नवी हायस्कूल बांधायला पैसे आहेत, शिक्षकांना नाहीत?" हा प्रश्न दर वर्षी येतो. इमारतीसाठी वेगळं राज्य प्राधिकरण अनुदान देतं, आणि गाव आपला हिस्सा डेट एक्स्क्लूजन नावाच्या वेगळ्या मतदानाने उभा करतं. तो कर्ज फिटेपर्यंतच घरपट्टीत राहतो. त्यातला एक डॉलरही पगाराला वापरता येत नाही.

७. कधी कुठे जायचं

ऑक्टोबर: पटमोजणी. त्या दिवशी तुमचं मूल पटावर आहे ना, एवढं पाहा. उन्हाळ्याची भारतवारी सप्टेंबरअखेरपर्यंत लांबवून नाव कमी झालेली दोन घरं मला माहीत आहेत.

डिसेंबर-जानेवारी: सुपरिंटेंडेंटचा मसुदा. खरी कापाकापी इथे ठरते आणि खुर्च्या इथेच रिकाम्या असतात.

जानेवारीचा शेवट: गव्हर्नरचं बजेट. त्यातला चॅप्टर ७० चा आकडा पहिला, अखेरचा नव्हे. एप्रिलमध्ये हाउस, मेमध्ये सिनेट आपापला आकडा काढतात. मिनिमम एडची रक्कम वाढते ती बहुधा याच दोन महिन्यांत, म्हणून तुमच्या आमदाराला आणि सिनेटरला मेल लिहायची वेळ फेब्रुवारी-मार्च. जुलैत लिहिलेलं पत्र पुढच्या वर्षीचं समजा.

मार्च: स्कूल कमिटीची जाहीर सुनावणी. ती घेणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि प्रस्तावित बजेट किमान ४८ तास आधी लोकांना पाहता यायला हवं. ते वाचूनच जा. बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. एकच प्रश्न विचारा आणि तो आकड्याचा असू द्या.

वसंतात टाउन मीटिंग, तीही पुष्कळदा राज्याचं बजेट सही होण्याआधी. त्यामुळे गाव अंदाजावर चालतं, आणि फरक पडला तर शरद ऋतूत परत बसतं.

८. एच-वन-बीवर किंवा ग्रीनकार्डावर असाल तर

मत नाही. ओव्हरराइडलाही नाही, टाउन मीटिंगलाही नाही, घरपट्टी मात्र पूर्ण. हे मला आठ वर्षं टोचलं. पण स्कूल कमिटीच्या सुनावणीत रहिवासी म्हणून बोलता येतं, फायनान्स कमिटीच्या बैठकीत बसता येतं, आमदाराला लिहिता येतं, आणि शेजारच्या मतदाराला पाकिटामागचं गणित समजावता येतं. टाउन मीटिंगमध्ये मत नसलेल्यांची वेगळी जागा असते, तिथे बसून ऐका. बोलायचं असेल तर सभा चालवणाऱ्या मॉडरेटरकडे आधी परवानगी मागावी लागते, म्हणून त्यांना आठवडाभर आधी मेल करून ठेवा.

नागरिकत्व मिळालं असेल तर टाउन क्लार्ककडे मतदार नोंदणी त्याच आठवड्यात उरका, मतदानाच्या आधी ठरावीक दिवशी ती बंद होते. आणि टाउन मीटिंगला जाताना स्वेटर, पाण्याची बाटली आणि पोळीभाजीचा रोल न्या. शाळेचं बजेट वॉरंटवर, म्हणजे सभेच्या विषयपत्रिकेवर, कितव्या कलमात आहे ते पाहून ठेवा. आमच्याकडे ते मागच्या वर्षी साडेदहाला आलं, तोवर लहान मुलं असलेले निम्मे पालक बेबीसिटरला सोडायला घरी गेले होते आणि शाळेची रक्कम वाढवायची दुरुस्ती अकरा मतांनी पडली.